बुलमास्टिफ: न भुंकणारा राखणदार, आणि त्याला 'तयार' करावं की नाही?

माळरान
बुलमास्टिफबद्दल दोन मतं सारखी कानावर येतात. एक म्हणजे, हा कुत्रा दिवसभर लोळतो, भुंकत नाही, त्यामुळे चावायला शिकवल्याशिवाय राखणीच्या उपयोगाचा नाही. दुसरं म्हणजे, हा मुळातच धोकादायक, घरात मुलं असतील तर विचारही करू नका. एकाच जातीबद्दल ही दोन्ही मतं इतक्या ठामपणे मांडली जातात, याचं नवल वाटतं.

माझ्या मते या जातीत राखण उपजतच असते. ती वाढवायला जाऊ नये, सगळी मेहनत संयमावर घ्यावी. इथे मोठ्या जाती हाताळणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतो: याचा स्वभाव नेमका कसा असतो? संरक्षणाचं प्रशिक्षण द्यावं का? आणि दारात अनोळखी माणूस उभा राहिला तर या कुत्र्याने नेमकं काय करावं अशी अपेक्षा ठेवायची?

रातकिडा
तो का भुंकत नाही, हे त्याचा जन्म कशासाठी झाला ते पाहिलं की कळतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या मोठ्या जमीनदारांच्या रानांत शिकारचोरांचा सुळसुळाट होता. शिक्षा कडक असल्यामुळे पकडले जाण्यापेक्षा रखवालदारावर हल्ला करायलाही ते मागेपुढे पाहत नसत. रखवालदारांना रात्री सोबत कुत्रा हवा होता. मास्टिफ दांडगा, पण पाठलागात मागे पडायचा. त्या काळचा बुलडॉग चिवट आणि आक्रमक, पण माणसाला पाडायला अंगाने कमी, आणि एकदा धरलं की सोडायचा नाही. दोघांच्या संकरातून हा कुत्रा घडला. पुढे साधारण ६० टक्के मास्टिफ आणि ४० टक्के बुलडॉग हे प्रमाण रूढ झालं आणि १९२४ साली ब्रिटनच्या केनेल क्लबने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

काम ठरलेलं होतं: सुगावा लागू न देता जवळ जायचं, धडक देऊन खाली पाडायचं आणि रखवालदार येईपर्यंत दाबून धरायचं. भुंकून चोराला सावध करणारा कुत्रा तिथे निरुपयोगी होता. अंधारात दिसू नये म्हणून गडद ब्रिंडल (पट्टेरी) रंगाला पसंती असायची. म्हणून आजही तो आधी पाहतो, ऐकतो, उठून मध्ये येऊन उभा राहतो. भुंकतो अगदी शेवटी, तेही एकदा-दोनदा.

खडीसाखर
आणि तो एकदा भुंकला की चोराच्या आधी घरचेच ताडकन उठून बसतात :)

पाणकणीस
रातकिडा, माहिती उत्तम. पण 'पाडतो आणि धरून ठेवतो, चावत नाही' या समजाबद्दल सावध राहायला हवं. ते काम आज कोणी करून घेत नाही. गेल्या कित्येक पिढ्यांची निवड प्रदर्शनासाठी आणि घरात सांभाळण्यासाठी झाली आहे, त्यामुळे आजचं एखादं पिल्लू मोठं होऊन नेमकं तसंच वागेल याची खात्री देता येत नाही. शिवाय नुसतं 'धरलं' तरी जबडा कोणाचा आहे ते पाहा. केनेल क्लबच्या मानकानुसार नर ५० ते ५९ किलो, मादी ४१ ते ५० किलो. नराची खांद्यापाशी उंची ६३.५ ते ६८.५ सेंटीमीटर. एवढ्या वजनाची नुसती धडक बसली तरी म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडू शकतं. तो चावणार नाही, या भरवशावर फाटक उघडं ठेवू नका.

अबोली
पाणकणीस यांच्याशी पूर्ण सहमत. स्वभावाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण 'शांत' हा शब्द इथे फसवतो.

हा कुत्रा शांत असतो कारण त्याच्या रागाचा उंबरठा उंच असतो. छोट्या गोष्टींनी तो पेटत नाही. पण एकदा ठरवलं की मागे फिरत नाही, आणि दुखणं फारसं जाणवत नसल्यासारखा वागतो. पट्ट्याला हिसका देऊन किंवा ओरडून त्याला थांबवता येईल असं समजणाऱ्यांची इथे फसगत होते. दुसरं, तो हट्टी वाटतो, पण खरं तर मंद गतीने निर्णय घेणारा आहे. 'बस' म्हटल्यावर दोन-तीन सेकंद विचार करून बसतो. या वेळात आज्ञा पाच वेळा पुन्हा म्हटली की तो शिकतो: पाचव्यांदा म्हणेपर्यंत बसायचं नसतं. एकदाच म्हणा आणि थांबा.

तिसरं, घरच्या माणसांना तो अतोनात चिकटतो. अंगणात कोंडून किंवा साखळीला बांधून ठेवलेला बुलमास्टिफ चांगला राखणदार होत नाही. माणसांत न राहिल्यामुळे त्याला नेहमीचं काय आणि वावगं काय हे कळतच नाही, मग तो सगळ्यांवरच संशय घेतो. साखळीने वैताग वाढतो आणि वैतागलेला कुत्रा राखण करत नाही, नुसता चवताळतो.

चौथं, इतर कुत्र्यांशी, विशेषतः नराचं नराशी, वयात आल्यावर पटेलच असं नाही. लहानपणी एकत्र खेळलेले दोन नर दीड-दोन वर्षांचे झाल्यावर अचानक भिडू शकतात. दोन ठेवायचेच असतील तर नर-मादी जोडी ठेवा, आणि जेवण वेगवेगळ्या खोल्यांत.

वाखूसा_बहाद्दर
वाचनखूण साठवली. अबोलीताई, येऊ द्या अजून.

कवायत
धागाकर्त्यांच्या मूळ मताला माझा विरोध आहे. संरक्षणाचं प्रशिक्षण म्हणजे कुत्रा पिसाळवणं नव्हे. चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली कुत्रा दोन गोष्टी शिकतो: आज्ञेवर पकडणं आणि आज्ञेवर सोडणं. त्यातली दुसरी जास्त महत्त्वाची. ज्याला 'सोड' कधी शिकवलंच नाही, तो उद्या प्रसंग आला तर तुमचं ऐकेल कशाच्या जोरावर? उपजत राखण असलेल्या कुत्र्याला तसंच सोडून देणं मला जास्त धोक्याचं वाटतं.

पाणकणीस
कवायत, 'सोड' शिकवण्याबद्दल दुमत नाहीच. पण त्यासाठी हातावर जाड संरक्षक बाही चढवलेल्या माणसाला चाववावं लागत नाही. दोरीच्या खेळात ते रोज शिकवता येतं: ओढाताण सुरू, मग आपला हात मांडीला टेकवून दोरी निर्जीव करायची, कुत्र्याने तोंड उघडलं की त्याच क्षणी 'सोड' म्हणायचं आणि बक्षीस म्हणून लगेच खेळ पुन्हा सुरू करायचा. चार-सहा आठवड्यांत तो ऐन जोशातही सोडायला लागतो. तो पाच-सहा महिन्यांचा असतानाच हे पक्कं करा. ६० किलोच्या नराला नव्याने शिकवणं फार जड जातं.

माणसाला चावण्याच्या प्रशिक्षणाला माझा विरोध तीन कारणांनी आहे. त्या खेळातल्या उड्या आणि हिसके या वजनाच्या सांध्यांना झेपत नाहीत. ही जात मानसिकदृष्ट्या अडीच-तीन वर्षांपर्यंत पोरसवदा असते, आणि लोक मात्र आठव्या-नवव्या महिन्यात बाही देतात. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, उंच उंबरठा हाच या कुत्र्याचा गुण आहे. माणसावर तोंड टाकल्याबद्दल शाबासकी मिळायला लागली की तो उंबरठा खाली येतो. पुन्हा वर नेणं जवळजवळ अशक्य.

कवायत
वयाचा मुद्दा मान्य. दोन वर्षांच्या आत मीही कोणाला सुचवणार नाही. पण उंबरठा खाली येतोच हे मला पटत नाही, ते प्रशिक्षकावर आणि कुत्र्याच्या मनाच्या कणखरपणावर अवलंबून असतं. तरी घरगुती मालकासाठी आज्ञापालन पक्कं होईपर्यंत या वाटेला जाऊ नये, एवढं मी धाग्यावर नोंदवून ठेवतो. पट्टा सैल ठेवून चालणं, लांबून हाक मारल्यावर येणं, आणि जागेवर जाऊन पंधरा मिनिटं पडून राहणं, हे तीन जमत नसेल तर पुढचं बोलूच नये.

कातरवेळ
एक गोष्ट अजून कोणी मांडली नाही. या कुत्र्याचा चेहरा वाचणं कठीण असतं. तोंडावर काळा मुखवटा, कपाळावर वळ्या, लोंबते ओठ. जर्मन शेफर्डचे कान आणि ओठ लांबून कळतात, याचे कळत नाहीत. त्यामुळे 'काही कल्पना न देता धावून गेला' असं लोक म्हणतात. इशारा दिलेला असतो, पण काळ्यावर काळं दिसत नाही.

म्हणून चेहऱ्याऐवजी अंग बघा. धाप लागलेलं उघडं तोंड अचानक मिटतं. श्वास क्षणभर थांबतो. वजन पुढच्या पायांवर येतं आणि मान खांद्यांच्या रेषेत ताठ होते. शेपटी हलत असली तरी मुळापाशी कडक असते. मान न वळवता डोळे तेवढे बाजूला फिरतात आणि पांढरा भाग दिसतो. यातलं काहीही दिसलं की त्याला समोरून थोपटायला जाऊ नका. बाजूने जाऊन त्याच्यासह वळून दहा-बारा पावलं लांब जा. अंतर वाढलं की ताण उतरतो.

आणि गुरगुरल्याबद्दल कधीही शिक्षा करू नका. मारून गुरगुरणं बंद करता येतं, पण त्यामागची भीती किंवा राग तसाच राहतो आणि शेवटचा इशारा तेवढा निघून जातो.

ढगफुटी
कातरवेळ +१. मुलांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं.

मुळात घरच्या मुलांशी तो फार सोशिक असतो. धोका बहुतेक वेळा दोन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे आकार: तो अंग घासत चालतो, माणसाला टेकून उभा राहतो, वळताना ढुशी देतो, आणि तीन वर्षांचं मूल भुईसपाट होतं. दुसरं म्हणजे पाहुण्यांची मुलं. दोन मुलं आरडाओरडा करत मस्ती करायला लागली की घरच्या मुलावर कोणीतरी चालून आलं असं तो धरून चालतो आणि मध्ये घुसतो. घरात बाहेरची मुलं खेळत असतील तेव्हा कुत्रा दुसऱ्या खोलीत, मध्ये बंद दार. मोठा माणूस 'लक्ष ठेवतोय' एवढ्यावर भागत नाही, कारण मोठ्या माणसाचं लक्ष फोनकडे जातं आणि दाराचं जात नाही.

जेवणाच्या भांड्याबद्दलही लिहितो. पिल्लाच्या भांड्यात हात घालून 'सवय' लावायची जुनी पद्धत सोडून द्या. तिने उलट माणसापासून भांडं राखायला शिकवलं जातं. तो खात असताना जवळून जाताना त्याच्या अन्नाहून चांगलं काहीतरी भांड्यात टाकून पुढे जा. माणूस जवळ आला की वाढतं, हिरावलं जात नाही, एवढं त्याला पटलं पाहिजे.

माळरान
खूप नेमकी माहिती मिळतेय, आभार. पिल्लूपणात काय करायचं त्यावर कोणी लिहील का? 'राखणदार हवाय तर लोकांत मिसळू देऊ नका' असा सल्ला सर्रास दिला जातो.

अबोली
तो सल्ला अगदी चुकीचा आहे. पिल्लाचं मन नव्या गोष्टींना सहज स्वीकारतं तो काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा. या काळात ज्या गोष्टी दिसल्या त्या 'जगात असतातच' या खात्यात जमा होतात. छत्री, काठी, हेल्मेट, दाढी, व्हीलचेअर, गणवेश, पळणारी मुलं, सायकल, धातूचा खडखडाट, गुळगुळीत फरशी. जे दिसलं नाही ते पुढे संशयास्पद ठरतं. मिसळलेला कुत्रा राखण विसरत नाही. नेहमीचं काय ते कळल्यामुळेच वावगं काय ते त्याला ओळखता येतं.

मात्र मिसळणं म्हणजे प्रत्येकाने उचलून घेणं नव्हे. पिल्लाने लांबून पाहावं, माणसाने दुर्लक्ष करावं, आणि त्याचं लक्ष परत तुमच्याकडे आलं की खाऊ मिळावा. लसीकरण पूर्ण होईपर्यंत कडेवर किंवा गाडीतून दाखवा, अनोळखी कुत्र्यांच्या वावराच्या जागी जमिनीवर सोडू नका.

मग सहाव्या ते चौदाव्या महिन्याच्या दरम्यान कधीतरी तो कालपर्यंत माहीत असलेल्या कचऱ्याच्या डब्यालाही बिचकतो. तो टप्पा काही आठवड्यांचा असतो. ओढत जवळ नेऊ नका, लांबून वळसा घालून जा. याच वयात पाहुण्यांवर पहिलं गुरगुरणं सुरू होतं आणि मालक खूश होऊन पाठ थोपटतात. ते बऱ्याचदा राखण नसून भीती असते. भित्र्या कुत्र्याला भीतीबद्दल शाबासकी मिळाली की पुढे जे तयार होतं ते कोणालाच आवरत नाही.

हाडवैद्य
सांध्यांचा उल्लेख झालाच आहे म्हणून भर घालतो. वाढ पूर्ण व्हायला १८ ते २४ महिने लागतात. या काळात पिल्लू गुबगुबीत दिसलं पाहिजे हा आग्रह सोडा. बोटांना फासळ्या सहज लागल्या पाहिजेत, वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं खाद्य देत असाल तर वरून कॅल्शियमची पावडर देऊ नका. जादा कॅल्शियमचं शोषण पिल्लाच्या शरीराला रोखता येत नाही आणि हाडांची घडण बिघडते. उंचावरून उड्या नकोत, जिन्याचे हेलपाटे नकोत, फरशीवर रबरी चटया टाका.

पिल्लू घेताना आई-वडिलांच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे अहवाल, हृदयाची सोनोग्राफी आणि डोळ्यांची तपासणी मागा. खुब्याचा दोष, महाधमनीच्या झडपेखालचं अरुंदीकरण, दृष्टिपटल हळूहळू निकामी होणं आणि लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) हे या जातीत पाहायला मिळतात. आणि आईला प्रत्यक्ष भेटा. ब्रीडर सोबत असतानाही ती परक्या माणसाला पाहून थरथरत असेल किंवा अंगावर येत असेल तर पिल्लू कितीही गोजिरवाणं असो, परत फिरा. स्वभाव बराचसा तिथून येतो. आयुष्य साधारण आठ ते दहा वर्षांचं, हेही घेतानाच माहीत असावं.

दुखण्याचा स्वभावाशी थेट संबंध आहे. नेहमीचा शांत कुत्रा अचानक हात लावल्यावर गुरगुरायला लागला तर आधी प्रशिक्षक नको, आधी खुबा, गुडघा, कान, दात आणि थायरॉईड तपासा.

खडीसाखर
थोडं अवांतर: पोटात पीळ पडण्याबद्दल इथे लिहिलंच पाहिजे. खोल छातीच्या सगळ्या जातींत हा धोका आहे. पोट वायूने फुगतं आणि जठर स्वतःभोवती फिरतं. ओळख अशी: ओकाऱ्या काढतो पण बाहेर काही येत नाही, लाळ गळते, अस्वस्थ फेऱ्या मारतो, फासळ्यांमागे पोट ताणलेलं लागतं, हिरड्या फिक्या पडतात. घरगुती उपाय करायचा नाही, तोंडाने काही द्यायचं नाही. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात आधी फोन आणि लगेच निघायचं, इथे एकेक तास मोलाचा असतो. टाळण्यासाठी एकाऐवजी दोन-तीन वेळा विभागून जेवण, भराभर खाणाऱ्याला अडथळे असलेलं भांडं, जेवणाच्या मागेपुढे तासभर धावपळ नाही. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून जोडून घेता येतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

रातकिडा
उन्हाचंही तसंच. नाकाड आखूड, म्हणजे धापा टाकून अंग थंड करण्याची क्षमता कमी. फिरणं पहाटे आणि रात्री. जीभ रुंद होऊन गडद लाल पडली, चाल लटपटली की सावलीत घेऊन अंगभर पाणी ओतत राहा, वारा घाला आणि मग दवाखाना. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. मुसकं घालायची वेळ येणार असेल तर रुंद, जाळीचं, तोंड पूर्ण उघडता येईल असंच हवं. कापडी पट्टीचं मुसकं या जातीला नकोच.

वाघनख
केन कोर्सो किंवा तिबेटी मास्टिफ घेतला तर? सगळे मास्टिफच ना?

कातरवेळ
नाही, कामं वेगळी आहेत. बुलमास्टिफ आणि केन कोर्सो एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या वर्गीकरणात मास्टिफ प्रकारात येतात, तिबेटी मास्टिफ पर्वतीय प्रकारात. कोर्सो चपळ, लवकर प्रतिसाद देणारा, त्याला रोज भरपूर काम लागतं. तिबेटी कळप आणि वस्ती राखणारा: रात्रभर भुंकतो, स्वतःच निर्णय घेतो, आज्ञेची वाट पाहत नाही. शेजार जवळ असेल तर त्याचं भुंकणं हाच मोठा प्रश्न होतो. बुलमास्टिफ तिघांत घरात राहायला सगळ्यात सोपा, पण 'सोपा' हे इतर दोघांच्या तुलनेत. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला मी तिन्ही सुचवणार नाही.

माळरान
आता माझा शेवटचा प्रश्न उरला: दारात अनोळखी माणूस. त्या क्षणी कुत्र्याने काय करावं, आणि त्यासाठी घर कसं मांडावं?

पाणकणीस
आधी घर. फाटक आतल्या बाजूला उघडणारं हवं, म्हणजे कुत्र्याने आतून रेटा दिला तरी ते बंदच होतं. कडी बाहेरून सहज हात घालून उघडता येणार नाही अशी. शक्य असेल तर फाटक आणि घराचं दार यांच्यामध्ये दुसरं एक छोटं फाटक, एका वेळी एकच उघडायचं. हा कुत्रा फार उंच उडी मारत नाही, पण अंगाने ढकलतो, म्हणून कुंपणाची उंची दीड मीटर पुरते, खांब मात्र पक्के रोवलेले हवेत. बाहेर नेताना पाच-सहा फुटांचा रुंद, साधा पट्टा. गुंडाळला जाणारा लांब दोरीचा पट्टा या वजनाला वापरू नका.

मग कुत्रा. दारापासून तीन-चार मीटरवर, जिथून त्याला दार दिसेल अशा जागी त्याची जाड गादी ठेवा. जाड अशासाठी की कठीण जमिनीवर कोपरांना घट्टे पडतात आणि पाणी साचतं. बेल वाजली की गादीवर जायचं, हे आधी माणूस न आणता शिकवा: बेल, गादीवर खाऊ, पुन्हा बेल, पुन्हा खाऊ. दिवसाला दहा-बारा वेळा, दोन आठवडे. मग घरचाच माणूस दारातून आत येतो. मग ओळखीचा. मग अनोळखी, तेव्हा पट्टा लावलेला.

अपेक्षा एवढीच: एखादा भुंकार चालेल. मग 'पुरे' म्हटल्यावर थांबावं, गादीवर जावं आणि पाहत बसावं. पाहुण्याने हात पुढे करू नये, वर वाकू नये, डोळ्यांत रोखून पाहू नये, सरळ बसून घ्यावं. पाच-दहा मिनिटांनी कुत्र्याचं अंग सैल पडलं, त्याने उसासा टाकून मान खाली ठेवली, तर 'ये' म्हणा. हुंगू द्या आणि लगेच परत बोलवा. पहिल्या भेटीत तेवढं पुरे.

कवायत
याला एकच जोड: घरी तुम्ही नसाल तेव्हा आलेल्या माणसाला आत घेण्याचा निर्णय कुत्र्यावर सोडू नका. मीटर बघणारा, सामान पोचवणारा, शेजारचा मुलगा चेंडू आणायला आलेला, या सगळ्यांचं काम छोट्या फाटकाच्या बाहेरच उरकेल अशी सोय करा. पत्रपेटी, मीटर आणि बेल कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला हवी. 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी दुरून वाचता येईल एवढी मोठी.

माळरान
मीटर आतल्या भिंतीवर आहे. तो बाहेर हलवून घेतो, आणि छोट्या फाटकाचं मापही या आठवड्यात काढतो. पिल्लू त्यानंतरच.